चिनी अक्षरातल्या रेघांचा क्रम: डॉ. कोटणीसांचं चिनी नाव नीट लिहायचं आहे

पाटीपेन्सिल (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. एकतीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवलं, आता निवृत्त आहे. प्रश्न चिनी अक्षरांबद्दल आहे, पण तो कुठून आला हे सांगितल्याशिवाय मला नीट विचारता येणार नाही.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. जन्म १० ऑक्टोबर १९१०. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेलं, त्यात ते होते. ९ डिसेंबर १९४२ला तिथेच गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. दर जयंतीला आम्ही मुलांची रांग घेऊन भय्या चौकातल्या स्मारकात जायचो. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी वर्गाच्या फलकावर एक कात्रण लावलं होतं. चीनमध्ये शिज्याच्वांगला त्यांचा पुतळा आहे, त्याचं छायाचित्र आणि खाली त्यांचं चिनी नाव, तीन अक्षरांत. दुसरीतला एक मुलगा बराच वेळ ते बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, हे पहिलं अक्षर कुठून सुरू करायचं?"

अर्थ काय, उच्चार काय, यातलं काहीच त्याने विचारलं नाही. कुठून सुरू करायचं एवढंच. कारण मीच त्यांना शिकवलं होतं की प्रत्येक अक्षराला सुरुवातीची जागा असते. आमच्या वर्गात निम्मी मुलं घरी तेलुगू बोलणारी, काही कन्नड. त्यांच्यासाठी 'क' हे आधी नुसतं चित्र असतं. मी प्रत्येकाचा हात धरून गिरवून घ्यायचे: आधी पोट, मग दांडी, मग शेपटी, आणि सगळा शब्द झाला की वरची रेघ. रेघ आधी मारून तिला अक्षरं लटकवणाऱ्या मुलाची अक्षरं खालीवर होतात, हे मी शेकडो पाट्यांवर पाहिलंय. आणि त्या दिवशी त्या मुलाला मला काहीच सांगता आलं नाही.

म्हणून निवृत्तीनंतर शिकायला घेतलं. पाच महिने झाले. गणिताची चौकटी वही घेते, चार चौकटींचा एक चौकोन लाल पेनाने आखते आणि रोज पहाटे तासभर कित्ता गिरवते. बोलणं मला फारसं जमत नाही, तो माझा हेतूही नाही. पण अक्षरं बिघडतात. नावातलं पहिलं अक्षर 'ख'. त्याच्या उजव्या भागात वर एक लांब आडवी रेघ, उजवीकडून खाली येणारी, टोकाला गळासारखा आकडा असलेली उभी रेघ आणि त्यांच्या कुशीत एक छोटी पेटी. मी आधी छत्रीसारखा बाहेरचा आकार काढायचे आणि मग आत पेटी बसवायचे. पेटी दर वेळी दांडीला चिकटते, नाहीतर अधांतरी लोंबते. शांघायला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बहिणीला फोटो पाठवला. ती म्हणाली, "मावशी, वाचता येतंय, पण क्रम चुकलाय." पुरी झालेली रेघ कागदावर पडली की आधी कुठली काढली हे तिला दिसलं कसं?

दुसरं असं की 'शेत' या अर्थाचं अक्षर, चौकोनात अधिकचं चिन्ह असलेलं, मी दोन व्हिडिओंत पाहिलं. एकात आतली आडवी रेघ आधी, दुसऱ्यात उभी आधी. बरोबर कोण? शिवाय कोटणीसांच्या काळातल्या मजकुरात नावाचं शेवटचं अक्षर वेगळंच दिसतं, पुष्कळ रेघांचं. मी कुठलं गिरवू?

---

लांबचा_पल्ला

बाई, ती बहीण मीच. फोनवर घाईत होते, म्हणून तेवढंच बोलले. आता सविस्तर लिहिते. मी इथे नऊ वर्षं आहे. अक्षरं शिकले ती शेजारणीच्या पहिलीतल्या मुलीबरोबर, तिच्याच वहीत. त्या वहीतले चौकोन हुबेहूब तुमच्यासारखे असतात. त्यांना 'शेत-अक्षराची चौकट' म्हणतात, कारण आखलेला चौकोन त्या शेताच्या अक्षरासारखाच दिसतो.

आधी शेताचंच सांगते. तुमचे दोन्ही व्हिडिओ बरोबर आहेत, फक्त एक चिनी आहे आणि दुसरा जपानी. चीनमध्ये डावी बाजू, मग वरची आणि उजवी बाजू एकाच वळणदार रेघेत, मग आतली आडवी, आतली उभी आणि सगळ्यात शेवटी तळ. जपानमध्ये आतली उभी आधी. 'राजा' या अक्षरातही असाच फरक आहे. तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी. चिनी लोक दोन आडव्या काढून मग उभी काढतात, जपानी एका आडवीनंतरच. तुम्हाला चिनी नाव लिहायचंय, तेव्हा चिनी क्रम धरा. इथे त्याचं सरकारी प्रमाण ठरलेलं आहे. १९९७ साली ७,००० अक्षरांचं ठरलं, आणि १ मार्च २०२१पासून ८,१०५ अक्षरांचं नवं लागू झालं. जुन्या सुलेखनकारांच्या हातचे क्रम कधीकधी याहून वेगळे असतात, ते पाहून गोंधळू नका.

तळ शेवटी का, तर इथे मुलांना सांगतात की आधी माणसं आत जाऊ द्या, मग दार लावा. बाकीचे नियम तुम्हाला ठाऊक असतील: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी-उभी एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी, मधली रेघ आणि दोन बाजूंना दोन असतील तर मधली आधी. पण नुसत्या नियमांवर विसंबलात तर तुमच्या त्या पेटीसारखं होतं. 'बाहेरचं आधी, आतलं नंतर' हे तुम्ही बरोबर लक्षात ठेवलंत, पण ते इथे लागू नाही. 'स्स' म्हणून एक अक्षर आहे, दिसायला जवळपास असंच. त्यात वरची आणि उजवी बाजू मिळून एकच वळलेली रेघ आहे, म्हणून ती आधी येते आणि आतलं नंतर. तुमच्या अक्षरात मात्र वरची आडवी वेगळी आणि दांडी वेगळी, दोन सुट्या रेघा. म्हणून आडवी, मग पेटी (तीन रेघांत: डावी उभी, वळणाची, तळाची), मग शेवटी दांडी. पेटी आधी बसली की दांडी किती अंतरावर सोडायची ते पेटीच सांगते. तुम्ही दांडी आधी रोवलीत, म्हणून पेटीला जागा उरेना.

आता मला कळलं कसं, ते. प्रत्येक रेघ संपताना हात पुढच्या रेघेकडे निघालेला असतो आणि ते कागदावर उमटतं. नावातलं दुसरं अक्षर 'ती' घ्या. त्याच्या उजव्या अंगाच्या खालच्या भागात डावीकडे एक टिंब आहे आणि त्याखाली तिरपी वर चढणारी छोटी रेघ. ती रेघ वर का चढते? कारण पुढची रेघ उजवीकडे वरून सुरू व्हायची असते, हात तिकडे निघालाय. सुरुवातीला जाड, टोकाला बारीक. तुम्ही ती वरून खाली ओढली होती, बाई. आकार तोच, पण जाडी उलट्या टोकाला. कोणाही चिनी माणसाला ते पाहताच खटकेल.

पूर्ण नाव २७ रेघांचं आहे: ९, १२ आणि ६. पहिल्या दोन्ही अक्षरांत डावीकडे 'झाड' आहे. आडवी, उभी, डावीकडे उतरणारी आणि चौथी. झाड एकटं असतं तेव्हा ही चौथी रेघ उजवीकडे ऐसपैस पसरते. इथे उजवीकडे शेजारी आलाय, म्हणून तिचं आखूड टिंब होतं. तुमच्या फोटोत ती शेजाऱ्याच्या अंगावर गेली होती.

शेवटचं अक्षर 'ह्वा', म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाला ते जोडलं होतं. कोटणीसांच्या मुलाचं नाव यिनह्वा, त्यात 'यिन' म्हणजे भारत. तुम्हाला दिसलेलं पुष्कळ रेघांचं 'ह्वा' हे जुनं रूप. अक्षरं सोपी करण्याची योजना १९५६ची, म्हणजे डॉक्टर गेल्यानंतर १४ वर्षांनी आलेली. त्यांच्या डोळ्यांसमोर ते जुनंच असणार. 'ख' आणि 'ती' मात्र तेव्हाही अशीच होती. आधी सोपं गिरवा, हात बसला की जुनं घ्या.

---

दुपारचा_चहा

बाई, तुमच्या चिकाटीबद्दल आदर आहे, तरी माझं मत थोडं वेगळं आहे. मी चौथ्या पातळीची चिनी परीक्षा संगणकावर दिली आणि पासही झालो, पण हाताने पन्नास अक्षरंसुद्धा धड लिहीत नाही. उच्चार टाइप करायचा, समोर आलेल्या अक्षरांतून हवं ते निवडायचं. चिनी माणसंही आता तेच करतात. त्यांच्याकडे यावर एक बोलच आहे, लेखणी उचलली की अक्षर विसरतं. नोकरीधंद्यासाठी शिकणाऱ्याने क्रमापायी महिने घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं, कारण मी माझ्या वर्गातली चार मुलं या गिरवण्याला कंटाळून भाषा सोडताना पाहिलीत. वाचता येणं हे आधीचं, लिहिणं नंतरचं.

---

ताणाबाणा (सोलापूर)

दुपारचा_चहा, तुमचं वाचण्यापुरतं खरं असेल. पण बाईंना वाचायचं नाही, लिहायचंय.

मी चादर-टॉवेलची डिझाइनं काढतो, अक्कलकोट रोडला. चिनी मला एक अक्षर येत नाही, पण क्रमाचं कळतं. आता डिझाइन संगणकावर होतं. माझ्या वडिलांच्या वेळी ग्राफच्या कागदावर चौकट न् चौकट रंगवायची, मग त्यावरून जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची कार्डं भोकं पाडून ओळीनं ओवायची. बाण्याच्या एकेका धाग्याला एक कार्ड. दोन कार्डं पुढंमागं ओवली गेली की मोराची मान पोटात शिरायची. चादर पुरी झाल्यावर लोकांना मोर दिसतो, विणणाऱ्याला धाग्यामागून धागा दिसतो. त्या ताईंना तुमच्या फोटोत तेच दिसलं असणार.

एक सुचवतो. वडील मला ग्राफ पाच मिनिटं बघायला द्यायचे, मग पालथा घालायचे आणि कोऱ्या कागदावर काढायला लावायचे. अडलं की पुन्हा बघायचं, पण मग पहिल्या ओळीपासून. अडल्या जागेपासून पुढं काढायला त्यांनी कधी दिलं नाही. गिरवताना डोळा काम करतो, पालथं घातल्यावर हात. ग्राफच्या कागदाचे दोन गठ्ठे माझ्याकडं पडून आहेत, ठळक रेघांचे. बाई, तुम्हाला लागले तर निरोप द्या, घरी आणून देतो.

---

समईची_वात

मध्येच विचारते, माफ करा. माझी मुलगी डावखुरी आहे आणि तिला चिनी शिकायचंय. हे नियम तिला उलटे करावे लागतील का?

---

लांबचा_पल्ला

उलटे करू नका. क्रम तोच ठेवायचा. उजव्या हाताने जी आडवी रेघ ओढली जाते ती डाव्याने ढकलली जाते, म्हणून सुरुवातीला कापरी येते. कागद थोडा तिरका धरू द्या आणि शाई लगेच वाळणारं पेन द्या. शेजारणीच्या मुलीच्या वर्गात एक डावखुरा होता, त्याचं अक्षर वर्गात सगळ्यांत देखणं होतं.

बाई, एक सांगायचं राहिलं. तुमच्याजवळ क्रम तपासणारं कोणी नाही, त्यावर उपाय आहे. मोबाइलच्या चिनी कीबोर्डात रेघांवरून अक्षर काढायचा एक प्रकार असतो. त्यात पाचच कळा: १ आडवी, २ उभी, ३ डावीकडे उतरती, ४ टिंब किंवा उजवीकडे उतरती, ५ वळणाची. वर चढणारी छोटी रेघ १ मध्ये धरतात आणि टोकाला गळ असलेली उभी २ मध्ये. रेघा ज्या क्रमाने काढाल त्याच क्रमाने कळा दाबायच्या. क्रम चुकला तर अक्षर येतच नाही. पहिल्या अक्षराचे आकडे मी देते: १२३४ हे झाड, मग १२५१२. बाकीची दोन तुम्हीच काढा आणि इथे लिहा.

---

पाटीपेन्सिल (सोलापूर)

उत्तराला तीन आठवडे लागले. आधी हातात यावं, मग लिहावं असं ठरवलं होतं.

ताणाबाणा, तुम्ही दिलेल्या ग्राफच्या कागदाचा पाऊण गठ्ठा संपला. तुमच्या वडिलांची ती रीत मी तशीच्या तशी उचलली. अक्षर बघायचं, वही पालथी घालायची, अडलं तर पुन्हा पहिल्या रेघेपासून. 'ती' हे अक्षर सात दिवस अडलं. दर वेळी त्या वर चढणाऱ्या रेघेपाशी हात थांबायचा, कारण हाताला खाली ओढायचीच सवय. आठव्या दिवशी पहाटे न थांबता बारा रेघा झाल्या आणि मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरले.

आकडे असे: 'ती' १२३४ ५११२४१३४. 'ह्वा' ३२३५१२. तिन्ही अक्षरं मोबाइलवर आली. 'ह्वा' पहिल्यांदा आलं नव्हतं, कारण उजवीकडच्या वरच्या भागात मी वळणाची रेघ आधी घेत होते आणि उतरती नंतर. त्या कळांनी माझी चूक दाखवली नसती तर ती आयुष्यभर राहिली असती, कारण कागदावर मला ती दिसत नव्हती.

दुपारचा_चहा, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. कंटाळून भाषा सोडणाऱ्या मुलांचं तुम्ही लिहिलंत ते मला लागलं, कारण गिरवण्याचा जाच करून मुलांना अक्षरावरून उठवणारे शिक्षक मीही पाहिलेत. पण त्यावर उपाय क्रम सोडून देणं हा नाही असं मला ठामपणे वाटतं. पहिलीतल्या ज्या मुलाला 'क' कुठून सुरू करायचा ते पक्कं ठाऊक असतं, तो लिहिताना 'क'चा विचार करत नाही, शब्दाचा करतो. ज्याला ठाऊक नसतं तो दर वेळी 'क' नव्याने चित्रासारखा काढतो, आणि दमतो तो. दमलेला मुलगा सोडून देतो. पाच महिने मी चित्र काढत होते आणि मीही दमत होते. गेल्या तीन आठवड्यांत तासभर लिहूनही हात दुखला नाही. वाचण्यालाही त्याने मदत झाली. आता नवं अक्षर समोर आलं की रेघांचं जाळं दिसत नाही, 'डावीकडे झाड, उजवीकडे अमुक' असे त्याचे तुकडे आपोआप पडतात.

अजून एक आठवलं. माझ्या आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या मोडीत आहेत. मोडीत आपल्या उलट असतं, पानभर रेघ आधी आणि तिच्या खाली अक्षरं, शक्यतो हात न उचलता. लहानपणी मला ती गुंतवळ वाटायची. परवा वही काढली आणि एका अक्षराची शेपटी पुढच्याकडे कशी वळते ते बोटाने गिरवून पाहिलं. लांबचा_पल्ला, तू लिहिलंस तेच, हात पुढे निघालेला. मला मोडी अजून वाचता येत नाही, पण आजोबा घाईत कुठे होते आणि निवांत कुठे, ते त्या पानावर मला दिसायला लागलं.

तो मुलगा आता चौथीत आहे. येत्या १० ऑक्टोबरला शाळेने मला बोलावलंय. फळ्यावर खडूने नाव लिहिणार आहे, हातभर मोठं, म्हणजे मागच्या बाकावरूनही रेघांचा क्रम दिसेल. पहिली रेघ त्यालाच काढायला सांगणार आहे.

फक्त एक अडतंय. 'ख'ची शेवटची दांडी, तिच्या टोकाचा आकडा. पेनने जमतो, खडूने मात्र दांडी तुटून आकडा वेगळा पडतो. तिथे हात उचलायचा का?

---

लांबचा_पल्ला

उचलायचा नाही, बाई. ती एकच रेघ आहे. दांडी खाली आली की तिथे क्षणभर थांबा, खडू किंचित दाबा, मग डावीकडे वर हलका झटका द्या आणि झटक्यातच खडू फळ्यावरून सुटू द्या. खडूची कड न वापरता तो थोडा आडवा धरा, म्हणजे दांडी जाड येईल आणि आकडा निमुळता. आधी घरच्या पाटीवर करून बघा. आणि १० तारखेला फोटो पाठवा, त्या मुलाच्या पहिल्या रेघेचा.